मागावरचें वस्त्र

मागावर चढलेलें लुगडें अर्ध्यांत कापणें म्हणजे काय, हें सोलापुरांत कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. सूत, वेळ आणि मजुरी हीं तिन्हीं त्या एका घावासरशीं जातात. म्हणूनच मेन्शियसच्या आईची जुनी चिनी आख्यायिका येथील वाचकांस चटकन् उमगेल. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांतील हा तत्त्वज्ञ लहानपणीं अभ्यासांत हयगय करूं लागला, तेव्हां त्याच्या विधवा आईनें सुरी घेऊन स्वतः विणत असलेलें कापड कापून टाकलें. विद्या अर्ध्यावर सोडणें म्हणजे काय, हें त्याला डोळ्यांनीं दिसलें. चीनमध्यें ही कथा कडक संगोपनाचा आदर्श ठरली.

उलट टोकास रूसोचा ‘एमील’ हा ग्रंथ आहे. मुलावर आज्ञांचा भार लादूं नका, चुकीचें फळ त्याला निसर्गच चाखवील, असें त्यानें 1762 सालीं यूरोपास सांगितलें. आपल्या सुशिक्षित घरांत हा वाद निघाला, कीं या दोन टोकांस पूर्व आणि पश्चिम अशीं नांवें देऊन आपण मोकळे होतों. परंतु रूसोनंतर सव्वादोनशें वर्षें लोटलीं, तेव्हां कोठें इंग्लंडच्या सरकारी शाळांतून छडी गेली. तें साल होतें 1987.

महाराष्ट्रांत तर हीं दोन्ही मतें एकाच काळीं नांदलीं. 1935 सालीं साने गुरुजींची ‘श्यामची आई’ प्रसिद्ध झाली. 1936 सालीं ताराबाई मोडकांनीं दादरला ‘शिशुविहार’ काढला. पोहण्यास भिणाऱ्या श्यामला त्याची आई शिंपटीनें झोडपते. ताराबाईंनीं माँटेसोरीबाईंस अनुसरून शिक्षा वर्ज्य मानली. मध्यमवर्गानें मात्र एका हातानें तें पुस्तक उचललें आणि दुसऱ्या हातानें मूल बालमंदिरांत घातलें. यांत मला विसंगति दिसत नाहीं. श्यामच्या पाठीवरचे वळ पाहून त्याच्या आईचाच जीव कळवळतो. ताराबाईंनीं 1945 सालीं शहर मागें टाकून बोर्डीस काम मांडलें, आणि गरिबांचीं मुलें शाळेंत येईनात म्हणून शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. मेन्शियसच्या आईनेंहि मुलास हात लावला नाहीं. कापलें तें स्वतःचें कापड. एकीची रीत कडक, दुसरीची सौम्य. झीज मात्र त्यांनीं स्वतः सोसली. आणि स्वातंत्र्याचा उद्गाता रूसो? त्यानें आपलीं पांचहि मुलें अनाथालयांत धाडलीं, हें त्यानें स्वतःच लिहून ठेवलें आहे.

रूसोस नांवें ठेवणें सोपें आहे. मी स्वतः कडक बाप. मुलाच्या दहावीच्या वर्षीं मीं त्याचा तबला बंद केला. त्याच वर्षीं माझा सायंकाळचा पत्त्यांचा डाव एक दिवसहि चुकला नाहीं. त्याला गुण उत्तम पडले. पुढें मीं परवानगी दिली, तरी तबल्याची गवसणी त्यानें पुन्हां सोडली नाहीं. त्या घटनेस मी बरींच वर्षें शिस्त म्हणत आलों. आज वाटतें, सुरी माझ्या हातांत होती, परंतु मागावरचें वस्त्र त्याचें होतें.

शिस्त कडक असावी कीं सैल, हा वाद पालकांनीं खुशाल करावा. त्यापूर्वीं कापलें जात आहे तें कोणाचें, एवढें मात्र पाहून घ्यावें.