करगोट्यापासून इलॅस्टिकपर्यंत



शिरवळ-खंडाळ्याच्या बाजूला आज औषधाच्या दुकानात गेलात, तर तान्ह्या मुलांच्या चड्ड्यांची रंगीत पाकिटं टांगलेली दिसतात. एकदा वापरायची नि टाकून द्यायची, अशी ही चड्डी. ती ओल किती शोषते, हे सगळे विचारतात. तिच्या कमरेशी काय आहे, हे मात्र कोणी विचारीत नाही. आज त्या कमरपट्टीचाच इतिहास पाहू.

आपल्याकडची जुनी कमरपट्टी म्हणजे करगोटा. बाळाच्या कमरेला काळा दोरा बांधायचा आणि लंगोटीची टोकं त्यात खोचायची. दोरा काही ताणत नाही. म्हणून बाळ अंगानं भरलं, की आजी तो सोडून पुन्हा सैल बांधायची. ताणण्याचं काम दोऱ्याऐवजी आजीची नजर करीत होती म्हणा ना! पुढं शिवलेले कपडे आले आणि नेफ्यात नाडी आली. तिची अडचण तुम्हां-आम्हां सर्वांच्या ओळखीची आहे. गाठ सैल राहिली तर कपडा घसरतो, घट्ट बसली तर वळ उठतो.

हा वळ क्षुल्लक समजू नका. मुंबईचे थोर रोगनिदानतज्ज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षं धोतर कमरेला आवळून नेसल्यानं त्याच जागी होणाऱ्या कर्करोगाची नोंद त्यात आहे. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी परकराच्या नाडीमुळं आणि लुगड्याच्या घट्ट गाठीमुळं जखम होऊन झालेल्या अशाच दोन घटना मांडल्या. असं क्वचितच घडतं, हे खरं. पण एका रेघेवर रोज पडणारा दाब कातडी विसरत नाही, एवढं त्यातून घ्यावं.

यावर उपाय निघाला तो रबरातून. १८२० साली इंग्लंडात टॉमस हँकॉक यांनी कपड्यांना रबराच्या ताणपट्ट्या लावण्याचं पेटंट घेतलं. पण ते कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत कडक पडे. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना गंधक नि उष्णता यांच्या योगानं रबर पक्कं करण्याची रीत सापडली. तरीही घाम, तेल आणि ऊन यांनी रबर झिजतंच. १९५८ साली ड्यूपाँ कंपनीतले जोसेफ शिव्हर्स यांनी स्पँडेक्स नावाचा कृत्रिम धागा काढला. तो मूळ लांबीच्या पाचपट ताणतो आणि सोडला की पुन्हा जागेवर येतो.

टाकाऊ लंगोटांची एक चाचणी बाजारात झाली ती १९६१ साली, अमेरिकेतल्या पिओरिया गावी. ते टाचण्यांनी बांधायचे! १९७५ साली केनेथ ब्यूएल यांच्या पेटंटानं मांडीच्या कडेला लवचीक धागा आला आणि गळती कमी झाली. १९८९ च्या सुमारास तिथं ओढून घालायची चड्डी निघाली. कारण उघड आहे. उभं राहू लागलेलं मूल पाठीवर स्वस्थ पडतंय कशाला? आपल्याकडे हिंदुस्थान लिव्हर आणि किंबर्ली-क्लार्क यांच्या भागीदारीतून पुणे जिल्ह्यात सणसवाडीला या मालाचा कारखाना उभा राहिला, तो १९९० नंतर.

आता यातली युक्ती बघा. एकच जाड पट्टी न लावता बारीक धागे ओळीनं, थोड्या थोड्या अंतरावर बसवतात. ताणलेल्या स्थितीत ते दोन पातळ थरांमध्ये चिकटवायचे. सोडले की कापडाला चुण्या पडतात. त्यामुळं चड्डीचा भार एका रेघेवर न येता रुंद पट्ट्यावर वाटला जातो. दूध पिऊन पोट फुगलं तर पट्टी सैलावते, चड्डी ओली होऊन जड झाली तरी धरून ठेवते. धागे फार ओढले तर वळ, कमी ओढले तर गळती. करगोटा बांधताना आजी जो विचार करायची, तोच इथं आखणी करणारा करतो.

गुरुजनहो, वर्गात हा प्रयोग करून दाखवा. इलॅस्टिकचा तुकडा ताणून कापडावर टाके घाला नि सोडा. मुलांना चुण्यांचं कारण आपोआप कळेल.

आयाबायांनो, दोन गोष्टी ध्यानात ठेवा. माप वयावर नको, वजनावर घ्या, आणि कमरेत दोन बोटं सहज जातात का ते पाहा. चड्डी घाण झाली की खाली ओढू नका. दोन्ही बाजूंच्या शिवणी फाडून काढा.

आणि एक विनंती. करगोटा झिजून मातीत जात असे, हा धागा लवकर कुजत नाही. ती चड्डी नीरेत किंवा ओढ्यात टाकू नका. पुण्यात कचरा वेचणाऱ्या भगिनींच्या ‘स्वच्छ’ संस्थेनं लोकांना सांगितलं, की अशी वस्तू जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे आमचा हात त्यात पडणार नाही. ठिपका काढायला खर्च काहीच नाही. गावात घंटागाडी येत असेल, तर तेवढं आजपासून करा.