विधवेची प्रसूती आणि बुलढाण्याचा एक ग्रंथ

ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुषतुलना' ही पुस्तिका १८८२ साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापली गेली. प्रती पाचशे आणि किंमत नऊ आणे. मराठी गद्याच्या आणि स्त्रीविषयक विचारांच्या इतिहासात या लहानशा ग्रंथास जे स्थान लाभले आहे ते मुख्यतः त्यातील उपरोधामुळे व पुरुषांच्या वर्तनावरील निर्भीड टीकेमुळे होय. ग्रंथाच्या उगमाशी मात्र एका विधवेची प्रसूती होती. त्या प्रसूतीभोवती कोणती शुश्रूषा उपलब्ध होती, कोणती नाकारली गेली होती आणि कायदा त्याकडे कसा पाहत होता, या अंगाने या ग्रंथाचा विचार क्वचितच झाला आहे. तसा विचार केला असता बुलढाण्यासारख्या आडवळणाच्या गावी लिहिलेले हे पुस्तक स्त्रियांच्या आरोग्याच्या इतिहासातही साक्षीस घ्यावे लागते.

बुलढाणा त्या काळी मुंबई इलाख्यात नव्हते. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार निजामाच्या वतीने इंग्रज पाहत असत आणि त्या मुलुखास हैदराबाद नियुक्त जिल्हे असे म्हणत. बालाघाटाच्या माथ्यावरील हे थंड हवेचे ठिकाण जिल्ह्याचे मुख्यालय झाल्यावर तेथे डेप्युटी कमिशनरची कचेरी आली आणि कचेरीबरोबर लिहिणारा-वाचणारा नोकरवर्ग आला. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे याच कचेरीत हेडक्लार्क होते. १८७१ साली त्यांनी सुशिक्षितांना उद्देशून एक इंग्रजी पुस्तिकाही प्रसिद्ध केली होती. चार भावांमध्ये ताराबाई ही एकच बहीण. वडिलांनी तिला मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकविले, लग्न करून दिले ते घरजावई आणून. तिला अपत्य नव्हते. मुंबईहून नागपूरकडे जाणारी आगगाडी १८६७ पासून मलकापुरावरून धावत होती; पुण्या-मुंबईची वृत्तपत्रे तेथून घाट चढून कचेरीच्या गावी येत असावीत. मराठा घराण्याच्या रीतीप्रमाणे घरातच वावरणाऱ्या या स्त्रीस बाहेरच्या जगाची वार्ता मिळण्याचा मार्ग मुख्यतः हाच होता.

१८८१ साली याच मार्गाने सुरतेच्या खटल्याची वार्ता आली. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात, विवाहबाह्य अपत्याची हत्या केल्याचा आरोप सिद्ध होऊन तिला फाशीची शिक्षा फर्मावण्यात आली. पुढे अपिलात फाशी रद्द होऊन काळ्या पाण्याची शिक्षा झाली. या प्रकरणावर वृत्तपत्रांतून बराच खल झाला. 'पुणेवैभव' या सनातनी पत्राने तर या निमित्ताने एकंदर स्त्रीजातीच्या अनीतीवर कोरडे ओढले. ताराबाईंनी लेखणी उचलली ती या लिखाणाने चिडून. दोषी कोण, हा त्यांचा प्रश्न होता. पत्नी वारली की दहाव्या दिवशी दुसरी घरात आणण्यास पुरुष मोकळा असतो. पती वारलेल्या स्त्रीने मात्र जन्मभर देह जाळावा, आणि ज्या पुरुषाने तिला फसविले त्याने उजळ माथ्याने हिंडावे, ही विषमता त्यांनी पानोपानी मांडली आहे.

येथे एक स्थानिक बाब ध्यानात घेणे अवश्य आहे. वऱ्हाडातील कुणबी समाजात विधवेच्या पाटाची चाल रूढ होती. सक्तीचे वैधव्य हा केवळ ब्राह्मणांचा प्रश्न आहे, अशी समजूत त्यामुळे सहज होऊ शकते. परंतु कुलीन म्हणविणाऱ्या मराठा व देशमुख घराण्यांत पाट हीन मानला जाई, आणि ताराबाई अशाच घराण्यातील होत्या. ब्राह्मणेतर प्रतिष्ठित जातींनीही हे बंधन स्वतःवर लादून घेतले आहे असे त्या लिहितात तेव्हा ते दुरून केलेले निरीक्षण नसते. विजयालक्ष्मी जातीने आणि प्रांताने परकी असूनही तिची हकीकत बुलढाण्याच्या वाड्यात ओळखीची वाटली, याचे कारण यातच शोधावे लागते.

सुवासिनीच्या बाळंतपणाभोवती महाराष्ट्रात शुश्रूषेची एक पूर्ण व्यवस्था होती. पहिले बाळंतपण माहेरी होई. डोहाळे पुरविले जात, सुईण आधीपासून ठरलेली असे, बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटे, तेल-मालीश व शेक चाले, पाचवीच्या दिवशी सटवाईची पूजा होई आणि बाराव्या दिवशी बारसे. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. नाळ कापण्याच्या अस्वच्छ हत्याराने धनुर्वात होऊन कित्येक अर्भके आठवड्याच्या आत दगावत आणि कोंदट खोलीत बाळंतरोगाने स्त्रियाही मरत. तरीपण त्या खोलीत चार अनुभवी स्त्रियांचे हात होते, आणि कळा सुरू झाल्या म्हणजे कोणास तरी हाक मारता येत असे. गर्भार विधवेस यातले काहीच नव्हते. माहेर तिला दार लावी. उघडपणे आलेली सुईण म्हणजे गावभर झालेली दवंडी. सटवाई पूजणार कोण? तिची प्रसूती गोठ्यात, परसात किंवा तीर्थयात्रेच्या निमित्ताने एखाद्या परक्या गावी, बहुधा एकटीची, आणि तोंडातून आवाज न काढता व्हावयाची. अशा स्थितीत जन्मलेले मूल मृत जन्मले, अपघाताने गुदमरले की मारले गेले, हे सांगणारा साक्षीदार तिच्यावाचून दुसरा नसे.

कायद्याने ही कोंडी अधिकच घट्ट केली होती. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेचा पुनर्विवाह कायदेशीर ठरला खरा, परंतु समाजाने तो स्वीकारला नव्हता. १८६० च्या दंडसंहितेतील ३१२ व्या कलमाने गर्भपात हा गुन्हा ठरला आणि गर्भ पाडणारी स्त्रीही त्याच्या कक्षेत आली. ३१७ व्या कलमाने मूल टाकून देणे हा गुन्हा. ३१८ व्या कलमाने मृत अर्भकाची गुपचूप विल्हेवाट लावून जन्म लपविणे हाही गुन्हा. जन्मानंतर मूल मारल्यास ३०२ वे कलम होतेच. आता पुरुषाचे पाहावे. व्यभिचाराचे ४९७ वे कलम दुसऱ्याच्या पत्नीशी संबंध ठेवणाऱ्यास लागू होई. विधवा ही कोणाचीच पत्नी नसल्यामुळे तिच्याशी संबंध ठेवणारा त्यातून आपोआप सुटे. अर्थात एकाच घटनेतील स्त्रीसाठी चार कलमे होती आणि पुरुषासाठी एकही नव्हते. १८७० चा बालहत्याप्रतिबंधक कायदा काही जमातींतील मुलींच्या हत्येसाठी होता. त्याचा या प्रश्नाशी संबंध नव्हता. प्रसूतीने मन ढळलेल्या मातेच्या हातून घडलेली बालहत्या खुनाहून निराळी मानणारा कायदा इंग्लंडात १९२२ साली झाला. भारताच्या दंडसंहितेत तशी तरतूद कधीच आली नाही. ताराबाईंनी कलमांचे आकडे दिलेले नाहीत. परंतु त्यांची तक्रार नेमकी या रचनेवर बसते.

या प्रश्नावर प्रत्यक्ष उपाय योजण्याचे काम ताराबाईंच्या ग्रंथापूर्वी जवळजवळ वीस वर्षे पुण्यात सुरू झाले होते. एका ब्राह्मण विधवेने आपले मूल मारून विहिरीत टाकले व तीस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, या घटनेने व्यथित होऊन जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे व सुरक्षितपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशा आशयाच्या जाहिराती शहरात लावण्यात आल्या. या गृहाकडे समाजसुधारणेचे एक धाडस म्हणून पाहण्याची प्रथा आहे. वस्तुतः नाव गुप्त ठेवून प्रसूतीची सोय करणारे ते एक सूतिकागृह होते, आणि त्याची शुश्रूषा सावित्रीबाईंनी केली.

त्या गृहाचा एक आकडा उपलब्ध आहे आणि तो अनेक पानांच्या वर्णनापेक्षा अधिक बोलतो. १८८४ च्या अखेरीस, मलबारी यांच्या बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांविषयीच्या टिपणांवर मत देताना, जोतीरावांनी लिहिले की आजवर पस्तीस गर्भार विधवा या घरी येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी पाच जिवंत आहेत आणि तीस मृत्यू पावली. गर्भ लपविण्यासाठी मातांनी घेतलेल्या विषारी औषधांनी पोटात असतानाच त्या मुलांना इजा झाली होती, असे कारण त्यांनी दिले आहे. या विधानाची थोडी चिकित्सा करणे उचित ठरेल. त्या काळी टाकलेली मुले सांभाळणाऱ्या संस्थांत, युरोपातही, मृत्यूचे प्रमाण भयंकर असे. आईच्या दुधावाचून वाढणारे मूल सहसा जगत नसे. तेव्हा तीसही मृत्यू औषधांच्याच माथी मारता येतील असे नाही. परंतु या बायका त्या घराच्या उंबरठ्यावर येण्यापूर्वी काढे, मुळ्या व विषे यांच्या वाटेने जाऊन आल्या होत्या, हे जोतीरावांनी स्वतः पाहिले होते. त्या औषधांनी आयांच्या देहाचे काय झाले हे कोणी नोंदविले नाही. बालहत्या हा शब्दच असा आहे की त्याने लक्ष मुलाकडे जाते. आई आरोपी म्हणून दिसते, रुग्ण म्हणून दिसत नाही.

पंढरपुरासही असाच एक आश्रम १८७५ साली लालशंकर उमियाशंकर यांच्या प्रयत्नाने निघाला. यात्रेच्या मिषाने गर्भार विधवांस तेथे आणून सोडून जाण्याची रीत होती, त्यामुळे त्या क्षेत्री अशा संस्थेची गरज उघड होती. मात्र पुणे आणि पंढरपूर ही दोन्ही स्थाने वऱ्हाडापासून शेकडो मैल दूर. बुलढाण्याच्या एखाद्या देशमुखाच्या वाड्यातील विधवेस ती ऐकूनही ठाऊक असतील की नाही, याची शंकाच आहे.

ज्या वर्षी ताराबाईंचा ग्रंथ छापला गेला त्याच वर्षी, १८८२ साली, पुण्यातच पंडिता रमाबाईंनी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. आपले दुखणे पुरुष डॉक्टरांस सांगण्यास स्त्रिया संकोचतात व त्यापायी प्राणास मुकतात, म्हणून स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण दिले पाहिजे, अशी मागणी त्यांनी केली. त्यानंतर थोड्याच वर्षांत हालचाली झाल्या: १८८५ साली डफरीन निधी स्थापन झाला, १८८६ साली मुंबईचे कामा रुग्णालय सुरू झाले, आणि त्याच वर्षी आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन निघाल्या. त्यांचा प्रबंध हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. रमाबाईंच्या साक्षीतला संकोच आणि ताराबाईंच्या ग्रंथातली भीती या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मात्र विसरता कामा नये. स्त्री डॉक्टर आल्याने पहिली दूर होत होती. दुसरीस डॉक्टर पुरेसा नव्हता, कारण विधवेस डॉक्टरकडे जाणे म्हणजे आपला गर्भ जाहीर करणे होते.

तरीही इतिहासाने एक चमत्कारिक योग जुळवून आणला. बालपणी लावलेले लग्न नाकारून न्यायालयात उभ्या राहिलेल्या रखमाबाई लंडनमध्ये वैद्यक शिकून १८९४ साली परत आल्या व लवकरच सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. विजयालक्ष्मीला फाशी सुनावली गेली त्या शहरात, चौदा-पंधरा वर्षांच्या अंतराने, विधवेचीही नाडी हातात धरील अशी मराठी स्त्री डॉक्टर येऊन बसली होती. पुण्याच्या गृहाचा धागाही वैद्यकाकडेच वळला. तेथे १८७४ साली काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेला मुलगा जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतला होता. हा यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात त्याने पुण्याजवळ चालविलेल्या रुग्णालयात शुश्रूषा करीत असता सावित्रीबाईंस लागण होऊन १० मार्च रोजी त्या निवर्तल्या. पस्तिसांतून वाचलेल्या पाचांपैकीच तो एक असावा, असे मानण्यास जागा आहे.

ताराबाईंच्या ग्रंथाचे स्वागत झाले नाही. १८८५ साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात जोतीरावांनी त्यांचा आपुलकीने पाठपुरावा केला, त्यांस 'चिरंजीविनी' म्हटले. यापलीकडे तत्कालीन जाणत्यांनी मौन पाळले. ताराबाईंनी त्यानंतर दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले नाही. १९१० च्या सुमारास त्या निवर्तल्या. पाचशे प्रतींचे काय झाले असेल याचा अंदाज यावरून करावा की पुढे जवळजवळ नव्वद वर्षे हे पुस्तक विस्मृतीत होते, डॉ. स. गं. मालशे यांनी १९७५ साली त्याचे पुनर्मुद्रण केले तेव्हा ते नव्याने वाचकांपुढे आले.

त्या पुनर्मुद्रणाच्या चार वर्षे आधी, १९७१ साली, वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला होता. दंडसंहितेतील ३१२ व्या कलमाची धार त्याने बोथट केली, परंतु संततिनियमनाचे साधन निकामी ठरल्यामुळे राहिलेल्या गर्भाची सवलत त्यात केवळ विवाहित स्त्री व तिचा पती यांच्याच नावे लिहिलेली होती. विधवा पुन्हा बाहेर राहिली. २०२१ च्या दुरुस्तीने 'विवाहित स्त्री' या शब्दांच्या जागी 'कोणतीही स्त्री' आणि 'पती'च्या जागी 'जोडीदार' असे शब्द घातले. त्याच वर्षीच्या नियमांत, चोवीस आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा असलेल्या स्त्रियांच्या यादीत, गर्भारपणात जिची वैवाहिक स्थिती वैधव्याने किंवा घटस्फोटाने बदलली अशी स्त्री स्वतंत्रपणे नोंदली गेली आहे.