बांबूवरचा गंधर्व

आमचे नाना आणि मुंबईचं नभोवाणी केंद्र यांचं जन्मवर्ष एकच. 1927. केंद्र 23 जुलैला सुरू झालं, नाना त्याच्या महिनाभर आधी. त्यामुळे रेडिओकडे ते जन्मभर धाकट्या भावाकडे बघावं तसं बघत आले. म्हणजे माया पुष्कळ, पण बिघडला की आधी थोबाडीत.

आता हसू नका. त्या काळचं दुरुस्तीशास्त्र ते हेच. व्हॉल्व्ह खोबणीत सैल झालेला असे, थापडेनं तो नीट बसे आणि बातम्या पुढे सुरू होत. इतरांच्या घरी एरियल म्हणून तांब्याच्या जाळीची पट्टी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टांगलेली असायची. नानांना ते मिळमिळीत वाटे. त्यांनी पुण्यातल्या आमच्या वाड्याच्या गच्चीवर बांबू रोवून तार ताणली आणि अर्थची तार तुळशीवृंदावनात पुरली. आवाज बसला की आई तुळशीला तांब्याभर पाणी घालायची. आम्हाला वाटे, काय ही भक्ती! ओल्या मातीत अर्थ चांगला लागतो, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

1952 साली घरात फाळणी झाली. बा. वि. केसकर माहिती-नभोवाणी मंत्री झाले आणि सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. नाना केसकरांच्या पक्षाचे, आई सिलोनच्या. त्याच वर्षी आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि सिलोनवर अमीन सयानींची गीतमाला. शनिवार नानांचा, बुधवार आईचा. सिलोन शॉर्टवेव्हवर. त्या लहरी वातावरणातल्या फार उंचावरच्या थरावर आपटून आपल्याकडे यायच्या आणि तो थर काही एका जागी स्वस्थ बसणारा नव्हे. आवाज समुद्राच्या लाटेसारखा यायचा, जायचा. पण अगदी गेला असं कधी होत नसे. खरखरीच्या तळाशी लता असायचीच. आई कान लावून ती शोधून काढायची.

हे सगळं आठवायचं कारण 2006 साली मी घरी आणलेला डिजिटल रेडिओ. आई तेव्हा नव्हती. नानांची नजर काचबिंदूनं गेलेली. पेपर बंद, पत्ते बंद, दिवस काही संपता संपेना. तेव्हा वर्ल्डस्पेसच्या उपग्रह-रेडिओवर ‘गंधर्व’ नावाची वाहिनी होती, चोवीस तास शास्त्रीय संगीत. उपग्रह 2000 साली सोडलेला, सुमारे 36,000 किलोमीटर उंचावर. खिडकीत वहीएवढी अँटेना पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे तोंड करून ठेवली आणि नाना पुन्हा माणसात आले.

पंधरा दिवसांनी यमन ऐन रंगात असताना आवाज गेला. खरखर नाही, कुजबुज नाही, मिट्ट शांतता. अर्ध्या मिनिटानं बुवा परत हजर, पण मधली समेची जागा कायमची गेली. वडिलोपार्जित संस्कारानं मी एक थापड मारून पाहिली. डिजिटल यंत्राला थापड कळत नाही. त्याचं काम आकड्यांचं. चारदोन आकडे चुकले तर ते स्वतः दुरुस्त करून घेतं, त्याहून जास्त चुकले की तोंडच मिटतं. अर्धवट ऐकू येणं ही सवलत त्यात नाही.

मग मी संशयित पकडले. फ्रिज बंद करून पाहिला, शेजारच्या वहिनींना मिक्सर थांबवायची विनंती केली (त्या आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत), वायर बदलली, एका वहीत वेळा लिहिल्या. सकाळी ठणठणीत, संध्याकाळी आजारी, पावसाळ्यात जास्तच. बायको म्हणाली, हे रेडिओचं नसून तुमच्या गुडघ्याचं वर्णन आहे.

नाना खुर्चीतून शांतपणे म्हणाले, “अरे, आधी आंबा सळसळतो, मग बुवा थांबतात.”

खिडकीसमोर शेजारच्यांचा आंबा होता! डोळे शाबूत असलेल्या आम्हा चौघांना तो दिसला नव्हता. वारा सुटला की एक दाट फांदी नेमकी उपग्रहाच्या वाटेत यायची, आणि पानं ओली असली तर विचारूच नका. शेजाऱ्यांना फांदी तोडा म्हणायची सोय नव्हती; मिक्सर त्यांचाच. शेवटी लांब वायर आणून अँटेना गच्चीवर नेली आणि नानांच्या त्या जुन्या बांबूलाच बांधली. बांबूला वाळवी लागलेली, पण उभा होता. त्यानंतर नानांचा यमन तुटला नाही.

तुटला तो 31 डिसेंबर 2009 ला. कंपनी वर्षभरापूर्वीच दिवाळखोरीत गेली होती, भारतातली सेवा त्या दिवशी थांबली. मुंबईचं केंद्र काढणारी 1927 ची कंपनीही तीन वर्षांत अशीच बुडाली होती. पैशाचं गणित तेव्हाही जुळलं नव्हतं. पेपरात मी बातमी वाचली होती. नानांना सांगायचं राहून गेलं, म्हणजे मी राहू दिलं.

आवाज गेल्यावर नाना म्हणाले, “वारा नाहीये रे. गच्चीवर बघ जरा, बांबू कलला असेल.”

मी गच्चीवर गेलो. बांबू सरळ होता. थोडा वेळ तिथेच उभा राहिलो, मग खाली येऊन सगळं सांगितलं. नाना बराच वेळ गप्प बसले.

“जाताना निदान थोडी खरखर तरी करायची,” ते म्हणाले, आणि चहा मागितला.