प्रायश्चित्त की कृपा? पंडिता रमाबाईंना पडलेला प्रश्न

खडकीच्या छावणीतील ऑल सेंट्स चर्च हे १८४१ सालचे, अँग्लिकन पंथाचे. या पंथाच्या प्रार्थनापुस्तकानुसार सकाळच्या उपासनेत सर्वांनी गुडघे टेकून एकमुखाने पापांची कबुली द्यावयाची आणि धर्मगुरूने क्षमा जाहीर करावयाची. रविवारमागून रविवार तेच शब्द. पण शब्द उच्चारले म्हणजे माणूस पापातून सुटला काय?

याच पंथात बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंना हा प्रश्न आठ वर्षे छळीत होता.

१८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे त्या ख्रिस्ती झाल्या. तेथील भगिनी लंडनच्या फुलहॅम भागात ‘पतित’ स्त्रियांसाठी आश्रयस्थान चालवीत. समाजाने टाकलेल्यांविषयी एवढी आस्था कशासाठी, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. शास्त्रे मुखोद्गत असलेल्या या विदुषीला ती करुणा अपूर्व वाटली. तरीही बाप्तिस्म्यानंतर मनाला शांती लाभली नाही.

नोव्हेंबर १८९० मध्ये त्यांचे शारदा सदन मुंबईहून पुण्यास आले. त्याच्या आदल्याच महिन्यात पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहा ठेवला गेला होता. गोपाळराव जोशी यांनी (असल्या खोड्यांची त्यांना भारी हौस) उपस्थितांची नावे छापून आणली आणि ग्रामण्य उभे राहिले. वाद शंकराचार्यांपर्यंत पोहोचला. अखेर १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले, तेही मुख्यतः मित्रांची अडचण दूर व्हावी म्हणून. पाप पेलाभर चहाचे. पण त्यातून सुटका करण्याचा अधिकार जातीकडे!

पुणे या वादात गुंतले असतानाच रमाबाई विल्यम हॅस्लाम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मवृत्त वाचीत होत्या. वर्षानुवर्षे इतरांस उपदेश करणाऱ्या या गृहस्थाचे स्वतःचे परिवर्तन झाले ते व्यासपीठावर, प्रवचन देता देता. रमाबाईंना त्यात स्वतःचेच रूप दिसले. आपल्याला ख्रिस्ती धर्म गवसला होता, ख्रिस्त नव्हे, अशी कबुली त्यांनी पुढे १९०७ च्या आत्मनिवेदनात दिली आहे. बाप्तिस्मा हेही त्यांच्या लेखी एक प्रकारचे प्रायश्चित्तच झाले होते, असे म्हणावे लागते: विधी पुरा झाला की ऋण फिटले. कृपा मात्र अशी कमावता येत नाही. ती पात्रता सिद्ध होण्याची वाट पाहत नाही.

हा केवळ तत्त्वविचार राहिला नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी शेकडो मुली व विधवांना केडगावी आणले. काही अत्याचाराला बळी पडलेल्या, काही फसवल्या गेलेल्या. समाजाच्या दृष्टीने सगळ्याच ‘बाटलेल्या’. अशा स्त्रियांसाठी तेथे जे स्वतंत्र घर उभे राहिले, त्याचे नाव ‘कृपासदन’.

जून १९०५ मध्ये मुक्ती सदनात धर्मजागृतीची लाट उसळली. मुली रडत, रात्र रात्र प्रार्थना करीत आपली पापे सांगू लागल्या. ती कबुली आश्रयाचे मोल नव्हती. त्या घरात त्या आधीपासूनच राहत होत्या, जेवत होत्या, लिहायला-वाचायला शिकत होत्या.