सिलिकोसिस : धुळीतून जडणारा असाध्य आजार

सिलिकायुक्त धूळ दीर्घकाळ श्वासावाटे शरीरात गेल्याने होणारा फुफ्फुसांचा व्यावसायिक आजार म्हणजे सिलिकोसिस. दगडखाणी, खडी क्रशर, गारगोटी दळण्याचे कारखाने, काच व सिरॅमिक उद्योग येथील कामगारांना त्याचा धोका अधिक असतो.

डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कण वायुकोशांत रुततात, तेथे दाह होऊन ऊती कठीण बनतात व श्वसनक्षमता घटत जाते. खोकला, धाप ही लक्षणे बहुधा १० किंवा अधिक वर्षांनी दिसतात; धुळीचे प्रमाण अतितीव्र असल्यास काही महिन्यांतही. काम सोडल्यावरही आजार बळावू शकतो.

लक्षणे क्षयरोगासारखी असतात आणि सिलिकोसिसच्या रुग्णाला क्षय होण्याची शक्यताही अधिक असते. त्यामुळे रुग्णाच्या कामाची चौकशी न झाल्यास केवळ क्षयाची नोंद होते व भरपाईचा हक्क बुडतो. गुजरातमधील गोध्रा परिसरातील गारगोटीच्या कारखान्यांत मध्य प्रदेशातील झाबुआ, अलीराजपूर भागातील आदिवासी मजूर या आजाराला बळी पडले. त्यांपैकी २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये गुजरात सरकारला दिला.

हा आजार बरा करणारे औषध नाही. प्रतिबंध मात्र शक्य आहे. पाणी मारून दगड फोडणे, यंत्रे बंदिस्त ठेवणे, धूळ शोषून घेणारी यंत्रणा बसवणे हे मुख्य उपाय होत. तोंडाला बांधलेला रुमाल हे सूक्ष्म कण अडवू शकत नाही. त्यासाठी योग्य दर्जाचा श्वसन-मुखवटाच लागतो.