एटानरसेप्ट: दोन कुळांचं एक प्रथिन

आमवाताच्या काही रुग्णांना आठवड्यातून एकदा, मांडीत किंवा पोटावर, एटानरसेप्ट नावाचं इंजेक्शन टोचून घ्यावं लागतं. त्यातलं प्रथिन निसर्गात कुठेच नाही, पण त्याचे दोन्ही तुकडे माणसाच्याच अंगातले आहेत. तोंडाकडचा भाग टीएनएफ या दाह भडकवणाऱ्या रेणूला पकडणाऱ्या रिसेप्टरचा. शेपूट मात्र अँटिबॉडीची.

आधी तोंडाचं कूळ. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग संस्थेत लॉइड ओल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना बीसीजी दिली, मग जिवाणूंचं विष टोचलं. त्या उंदरांच्या रक्तद्रवातला एक पदार्थ दुसऱ्या उंदरांमधल्या कर्करोगाच्या गाठी मारत होता. १९७५ साली त्याला टीएनएफ हे नाव मिळालं आणि कर्करोगावर औषध हाती आल्याची आशा पालवली. त्याच शहरात, रॉकफेलर विद्यापीठात, अँथनी सेरामी आणि ब्रूस बॉयटलर वेगळ्याच प्रश्नामागे होते: दीर्घ आजारात जनावरं खंगतात कशाने? त्यांनी वेगळा काढलेला रेणू १९८५ साली टीएनएफच निघाला. ज्याला औषध समजत होते तोच दुखण्याचं मूळ! लंडनमध्ये फिओनुला ब्रेनन, मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी १९८९ साली आमवाताच्या सांध्यांतल्या पेशी काचपात्रात वाढवल्या. टीएनएफ अडवला की दाहाचा दुसरा एक मोठा निरोप्या, इंटरल्यूकिन-१, हाही ओसरतो, असं त्यांना दिसलं.

अडवायचं कशानं? त्याची तजवीज शरीराने आधीच केलेली होती. माणसाच्या मूत्रात टीएनएफला चिकटणारी प्रथिनं सापडली. ते पेशींवरून सुटून आलेले रिसेप्टरचे तुकडे होते. १९९० साली रिसेप्टरची जनुकंही हाती आली, त्यांतलं एक सिॲटलच्या इम्युनेक्स कंपनीत. पण सुटा रिसेप्टर औषध म्हणून कुचकामी: आकाराने लहान, रक्तातून लवकर निघून जाणारा आणि पकडही एकाच हाताची.

इथे शेपूट कामाला आली. तिचं कूळ वेल्समधल्या बँगरचं. आईच्या अँटिबॉडी पिल्लापर्यंत कशा पोचतात, याचा अभ्यास रॉजर्स ब्रॅम्बेल तिथे करत होते. अँटिबॉडींना विघटनापासून वाचवणारा एखादा रिसेप्टर शरीरात असला पाहिजे, असा तर्क त्यांनी १९६०च्या दशकात मांडला. तो खरा ठरला. पेशी रक्तातली प्रथिनं गिळते तेव्हा आतल्या आम्लधर्मी पिशवीत हा रिसेप्टर अँटिबॉडीची शेपूट धरतो, तिला पुन्हा पृष्ठभागावर आणतो आणि रक्तात सोडून देतो. बाकीची बहुतेक प्रथिनं पचून जातात. म्हणून आयजीजी जातीच्या अँटिबॉडीचं अर्धायुष्य सुमारे तीन आठवडे असतं.

ही शेपूट दुसऱ्या प्रथिनाला जोडण्याचा उद्योग मुळात एड्ससाठी झाला. डॅनियल केपन आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली, एचआयव्ही ज्याला धरून पेशीत शिरतो त्या सीडी४ला अँटिबॉडीची शेपूट जोडली. एड्सवरचं औषध काही त्यातून झालं नाही, जोडणीची रीत तेवढी उरली. १९९१ साली डॅलसमध्ये कार्स्टन पेपेल आणि बॉयटलर यांनी टीएनएफच्या दोन रिसेप्टरांपैकी एकाला तीच शेपूट लावली. इम्युनेक्सने दुसरा, आकाराने मोठा रिसेप्टर घेऊन आपलं प्रथिन घडवलं. माझ्या मते या जोडणीतली खरी खुबी आयुष्यवाढीपेक्षा पकडीत आहे. दोन शेपट्या आपोआप एकमेकींशी जुळतात, त्यामुळे रेणूला दोन हात मिळतात आणि तीन तुकड्यांचा टीएनएफ त्यांत घट्ट अडकतो. आयुष्याच्या बाबतीत हे प्रथिन अँटिबॉडीच्या मागेच राहिलं: अर्धायुष्य जेमतेम चार दिवस, तर ॲडालिमुमॅब या अँटिबॉडीचं सुमारे दोन आठवडे.

पहिली मोठी परीक्षा मात्र सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने शरीरभर उसळणाऱ्या जीवघेण्या प्रतिक्रियेत, झाली, आणि तिथे ते सपशेल नापास झालं. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १४१ रुग्ण होते. औषधाऐवजी नुसतं द्रावण मिळालेल्यांत ३० टक्के दगावले, सर्वांत मोठा डोस मिळालेल्यांत ५३ टक्के. एखाद्या कंपनीने गाशा गुंडाळला असता. पण पुढच्याच वर्षी आमवाताच्या १८० रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला: मोठ्या डोसवरच्या ७५ टक्के रुग्णांना ठरलेल्या मापाने आराम पडला होता, औषध न मिळालेल्यांत १४ टक्क्यांना. नोव्हेंबर १९९८मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. तेव्हा ते आठवड्यातून दोनदा टोचावं लागे. एकदाचा डोस नंतर आला.

चिनी हॅम्स्टरच्या अंडाशयातून घेतलेल्या पेशींमध्ये हे प्रथिन वाढवतात. ल्युपिनच्या पुण्यातल्या जैवतंत्रज्ञान विभागाने त्याचं प्रतिरूप तयार केलं. त्याला २०१९ साली जपानने आणि २०२०मध्ये युरोपनेही मान्यता दिली.

आपल्याकडच्या रुग्णाने एक गोष्ट विसरू नये. शरीरात दबून राहिलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवण्याचं काम टीएनएफच करतो. तो अडवला की क्षय उलटू शकतो. तेव्हा पहिलं इंजेक्शन घेण्याआधी क्षयाची तपासणी करून घ्याच, आणि उपचार चालू असताना खोकला, ताप रेंगाळला तर डॉक्टरांना लगेच सांगा.