खाण बंद, भट्टी चालू

मंडळी, या शनिवारचा विषय आहे भंगार. पण सुरुवात सोन्यापासून.

आपल्याकडे झारेकरी म्हणून एक समाज आहे. सोनाराच्या भट्टीतली राख, दुकानासमोरची माती गोळा करायची, पाण्यात धुवायची आणि सोन्याचे कण वेगळे काढायचे, हा त्यांचा पिढीजात धंदा. म्हणजे शहराच्या कचऱ्यात सोनं असतं हे आपल्याला नव्याने सांगायला नको. जपानमध्ये या कल्पनेला १९८० च्या दशकात रीतसर नाव मिळालं. तोहोकु विद्यापीठाचे प्राध्यापक मिचिओ नान्जो यांनी शब्द काढला, 'तोशी कोझान', म्हणजे शहरातली खाण. शब्द अगदी चपखल आहे. कोलारच्या खाणीत शेवटी शेवटी टनभर दगड फोडून पाच ग्रॅमसुद्धा सोनं मिळेना. कॉम्प्युटरच्या टनभर सर्किट बोर्डांत ते २०० ग्रॅमच्या आसपास असतं!

तर आता दोन खाणींची गोष्ट.

पहिली कोलारची, म्हणजे केजीएफ. (सिनेमातलं नव्हे, खरं :-)) १८८० मध्ये जॉन टेलर अँड सन्स या इंग्रज कंपनीने इथे काम सुरू केलं. सव्वाशे वर्षांत सुमारे ८०० टन सोनं निघालं, चॅम्पियन रीफ खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. २८ फेब्रुवारी २००१ ला सगळं बंद झालं. मागे उरले सायनाइडच्या गाळाचे डोंगर. गंमत बघा, तिथून शंभरेक किलोमीटरवर बंगळुरात त्याच वर्षांत आमच्या धंद्यातल्या कंपन्या ढिगाने कॉम्प्युटर विकत घेत होत्या. एक खाण मिटली आणि शेजारी दुसरी साचायला लागली.

दुसरी खाण जपानच्या अकिता प्रांतातल्या कोसाकाची. इथलं खनिज म्हणजे 'कुरोको', काळा दगड. तांबं, शिसं, जस्त, सोनं, चांदी, सगळं एकमेकांत कालवलेलं. १९८५ नंतर येन महागला, परदेशी खनिज स्वस्त पडू लागलं आणि १९९० च्या सुमारास ही खाणही बंद पडली. पण भट्टी चालू राहिली. कारण एव्हाना गावाला एक विद्या अवगत झाली होती: दहा धातूंच्या खिचडीतून एकेक धातू वेगळा काढण्याची. आणि सर्किट बोर्ड म्हणजे तरी काय? खिचडीच! २००८ च्या सुमारास तिथे खास भंगारासाठी नवी भट्टी आली. हजार अंशांच्या वर बोर्ड वितळतात, प्लास्टिक जळून जातं, धूर गाळला जातो. वितळलेलं तांबं आणि शिसं सोन्याचांदीला आपल्यात ओढून घेतं, मग ते टप्प्याटप्प्याने वेगळं करायचं.

तुम्ही म्हणाल, मग केजीएफने हे का नाही केलं? कारण तिथलं सोनं गारगोटीतलं. दगड दळा, सायनाइडने सोनं विरघळवा, झालं. खिचडी निवडायची वेळच आली नाही.

पण भारतात असं कसब कुठेच नाही असं नाही. मुरादाबाद घ्या. पितळेच्या भांड्यांचं शहर, धातू वितळवण्यात पिढ्या गेल्या. म्हणूनच तर देशभरातले बोर्ड तिकडे ओढले गेले. फरक एवढाच, की कोसाकात बंद भट्टी आहे आणि इथे उघड्यावर आग. बोर्ड जाळायचे, राख दळायची, धुवायची. तांबं हाती येतं, शिसं माणसाच्या रक्तात जातं आणि काळी राख रामगंगेच्या काठावर. झारेकऱ्याचंच काम, पण राख विषारी.

कायदे झाले. ई-कचऱ्याचे पहिले नियम १ मे २०१२ पासून लागू झाले, सध्याचे १ एप्रिल २०२३ पासून. आता नोंदणी केलेल्या कारखान्याने किती सोनं, तांबं, लोखंड, अॅल्युमिनियम काढलं त्यावर प्रमाणपत्र मिळतं आणि उत्पादक कंपन्या ती विकत घेतात. हिशेब म्हणून मला हे आवडतं. गोळा किती केलं यापेक्षा काढलं किती हे मोजलेलं बरं. पण या हिशेबात रामगंगेच्या काठावर राख धुणाऱ्या बाईच्या नावाचा रकानाच नाही. तिच्यावर छापा पडतो, ती जागा बदलते, आग दुसरीकडे पेटते.

माझं म्हणणं साधं आहे. कोसाका तगलं, कारण जिथे कसब होतं तिथेच नवी भट्टी बसवली. आपण भट्टी बसवतो औद्योगिक वसाहतीत आणि कसब राहतं गल्लीत. मुरादाबादेत एक बंद भट्टी उभारा, वजनावर बोर्ड विकत घ्या, रोख पैसे द्या. उघड्यावर जाळण्यापेक्षा चार पैसे जास्त मिळाले तर कोण कशाला जाळेल? आणि ते जास्तीचे पैसे परवडतातही, कारण आगीत आणि धुण्यात वाया जाणारं सोनं भट्टीत सापडतं.

असो. माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला देताना एकदा विचारून बघा, "पुढे कुठे जातो हा?" त्याला बहुतेक माहीत असतं.